टीमची फिजिओ, खेळाडूची फाइल: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

टीमसोबत फिजिओ म्हणून पहिली नोकरी लागते तेव्हा नेमणूकपत्रात पगार असतो, दौऱ्याचे दिवस असतात, कोणाला रिपोर्ट करायचं तेही असतं. पण खेळाडू उपचाराच्या टेबलावर पालथा पडून जे सांगतो ते कोणापर्यंत जाऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, याबद्दल बहुधा एक ओळही नसते. मी व्यावसायिक कबड्डीत काम करते. क्लिनिक सोडून टीमकडे येऊ पाहणारे विद्यार्थी मला विचारतात, टेपिंगचा कुठला कोर्स करू, ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून करायचा उपचार) शिकू का? जरूर शिका. पण पहिल्याच हंगामात अडचण येते ती या न लिहिलेल्या ओळीपाशी, म्हणून आज तेवढ्याबद्दलच लिहिते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. इंटर्नशिपसह बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, मग दोन वर्षांचं एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी, शक्यतो स्पोर्ट्समध्ये, आणि राज्य परिषदेची नोंदणी. एथिक्सचे तास कॉलेजात होतात, पण त्यातला पेशंट स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे आलेला असतो आणि फी त्यानेच भरलेली असते. टीममध्ये पगार फ्रँचायझी देते आणि गुडघा खेळाडूचा असतो. कोचला उद्याचे सात जण ठरवायचे असतात, मालकांनी लिलावात पैसे मोजलेले असतात, खेळाडूला पुढच्या वर्षीचा करार हवा असतो. तिघेही उत्तरासाठी तुमच्याकडे येतात, आणि त्यांतला एकच जण तुमच्यासमोर शर्ट काढून बसलेला असतो.

कबड्डीपटू दुखणं का लपवतो हे आधी समजून घ्या. खेळाडू घरचा एकटा कमावता असतो, करारावर बहिणीचं लग्न किंवा घराचं बांधकाम अवलंबून असतं, आणि बेंचवर त्याच्याच वयाची तीन पोरं वाट बघत असतात. एका तरुण रेडरचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सरावानंतर तो सगळे गेल्यावर आला आणि म्हणाला, “मॅडम, गुडघा मधेच अडकतोय. पण सरांना सांगू नका.” अशा वेळी ‘नाही सांगत’ असं पटकन म्हणून टाकू नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. ‘मला सांगावंच लागेल’ असंही म्हणू नका, कारण तो पुन्हा येणार नाही. मी त्याला म्हटलं, “सरांना काय सांगणार आहे ते आधी तुला सांगते. पटलं नाही तर आत्ताच बोल.”

मग ठरलं ते असं. कोचकडे रोज सकाळी एक तक्ता जातो: कोण पूर्ण सराव करेल, कोण अर्धा, कोण अजिबात नाही, आणि प्रत्येकाने काय टाळायचं. निदान त्यात लिहायचं नाही. कोचसरांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “मॅडम, पण त्याला झालंय काय नक्की?” मी म्हटलं, “सर, आज उडी आणि झटक्यात वळणं नको, बाकी सगळं करेल. परवा पुन्हा तपासून सांगते. नक्की काय ते त्याला विचारून तुमच्याशी बोलते.” सर थोडे नाराज झाले. पण त्यांच्या कामाला जे लागतं ते त्यांना मिळालं होतं. एमआरआय झाल्यावर तो रेडर स्वतःच म्हणाला, “चला, आपण दोघं मिळून सरांना सांगू.” बऱ्याच वेळा असंच होतं. माहितीची किल्ली हातात असली की खेळाडू दार स्वतः उघडतो.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या कवाय लेनर्डचं प्रकरण प्रत्येक नव्या फिजिओने वाचावं. उजव्या मांडीच्या क्वाड्रिसेप्स टेंडनच्या (पुढच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) त्रासामुळे २०१७-१८ च्या हंगामात तो सॅन अँटोनियो स्पर्सकडून फक्त ९ सामने खेळला. संघाच्या डॉक्टरांनी त्याला खेळायला परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या, पण त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं, आणि तो न्यूयॉर्कला जाऊन त्यांच्या देखरेखीखाली रिहॅब करू लागला. वैद्यकीय मतभेद असणं साहजिक आहे. बिघडलं ते हे की मतभेद वर्तमानपत्रांतून बोलला जाऊ लागला, आणि सहकारी खेळाडूंनाही त्याच्याशी बसून तो कधी परतणार हे विचारावं लागलं. जुलै २०१८ मध्ये स्पर्सने त्याला टोरांटो रॅप्टर्सकडे पाठवलं. टोरांटोने त्या हंगामात ८२ पैकी ६० सामन्यांतच त्याला उतरवलं, बाकी वेळ विश्रांती दिली. जून २०१९ मध्ये टोरांटोने विजेतेपद पटकावलं आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दुखणारा पाय तोच होता. मला यातून दिसतं ते एवढंच, की त्याला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं तेव्हा ते संघाच्या मदतीने, उघडपणे घेता यायला हवं होतं. तुमचा खेळाडू ‘मला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय’ असं म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. रिपोर्ट द्या, हवं तर पत्र लिहून द्या.

लपवण्याचा सर्वांत मोठा धोका मात्र मला डोपिंगच्या बाबतीत वाटतो. खेळाडू तुमच्याकडे येत नाही तेव्हा दुसऱ्या कोणाकडे तरी जातो. सुट्टीत गावी गेलेला एक कॉर्नरचा खेळाडू परत आल्यावर मला म्हणाला की गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय, आता मस्त वाटतंय. त्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते स्टिरॉइड असल्याचं कळलं. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, हिच्या नियमांनुसार ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे याच प्रकारच्या स्टिरॉइडचं, कुठल्याही मार्गाने दिलेलं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. सांध्यातलं सुद्धा. शरीरातून जायला यातल्या काही औषधांना तीन दिवस लागतात, काहींना दहा, आणि ट्रायॲमसिनोलोन नावाचं स्टिरॉइड स्नायूत टोचलं असेल तर तब्बल साठ. आम्ही औषधाचं नाव, मात्रा, तारीख लिहून घेतली, संघाच्या डॉक्टरांनी पुढची कागदपत्रं पाहिली, आणि तेवढे दिवस तो खेळला नाही. कोचसरांना तक्त्यात दिसलं की तो उपलब्ध नाही, आणि कधीपासून असेल. त्याने मला सांगितलं नसतं आणि सामन्यानंतर नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, माणसं नमुना घ्यायला आली असती तर त्याच्या बंदीची बातमी झाली असती. म्हणून कोणी मला म्हणालं की गोपनीयता वगैरे परदेशी चोचले आहेत, तर मी त्यांना हेच उदाहरण देते.

आता माहिती फुटते कुठून? कोचकडून क्वचितच. एमआरआय सेंटरवर बुकिंग टीम मॅनेजरच्या नंबरवर केलेलं असतं, म्हणून रिपोर्टची पीडीएफ आधी मॅनेजरकडे जाते, तिथून ‘मेडिकल अपडेट’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर दोन हंगामांपूर्वी सोडून गेलेला व्हिडिओ ॲनालिस्टही अजून असतो. बुकिंग खेळाडूच्या नंबरवर करा. ग्रुपवर फक्त उपलब्धतेचा तक्ता टाका. दौऱ्यात हॉटेलची एक खोली फिजिओ रूम होते, दार सतत उघडं असतं, टेबलावर एक आणि रांगेत चार. तिथे ‘मागचं ते दुखणं कसंय?’ असं मोठ्याने विचारू नका. पोटाचा, झोपेचा, मनाचा त्रास असेल तर वेगळी वेळ द्या. मॅडम म्हणून काम करणाऱ्या मुलींना आणखी एक सांगते: जांघेच्या दुखापतीबद्दल मुलगे तुमच्याशी बोलायला संकोचतात. संघातल्या पुरुष डॉक्टरांकडे किंवा मसाज करणाऱ्या दादांकडे जाण्याचा पर्याय तुम्हीच आधी सुचवा, म्हणजे तो त्रास अंगावर काढत नाही.

रुग्णालयातूनही माहिती फुटते. अमेरिकन फुटबॉलपटू जेसन पिअर-पॉलचा हात ४ जुलै २०१५ ला फटाक्याने भाजला. त्याच्या कराराचा प्रश्न तेव्हा अधांतरी होता, आणि त्याच्या जायंट्स संघाच्या माणसांना त्याने रुग्णालयात भेटू दिलं नाही. काही दिवसांतच ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या वार्ताहराने त्याचं बोट कापावं लागल्याच्या रुग्णालयातल्या नोंदीचा फोटो ट्वीट केला. रुग्णालयाने दोन कर्मचाऱ्यांना काढलं, खेळाडूने वाहिनीवर खटला भरला आणि २०१७ मध्ये तडजोड झाली. बातमी मात्र परत घेता आली नाही.

आपल्याकडच्या कायद्यातलं निदान एवढं माहीत असू द्या. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. रुग्णाची गुपितं उघड करायला तिच्यात मनाई आहे, आणि रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. टीमचे डॉक्टर ‘फाइल संघाची आहे’ म्हणाले तर या तरतुदीची शांतपणे आठवण करून द्या. एचआयव्ही आणि एड्सबाबतच्या २०१७ च्या कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती करता येत नाही आणि लेखी संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. हंगामापूर्वीच्या रक्त तपासणीची यादी म्हणून नीट वाचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती स्पष्ट आणि माहिती देऊन घेतलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. प्रत्यक्षात करार इंग्रजीत असतो, जाड असतो, आणि ‘सर्व वैद्यकीय माहिती संघाला देण्यास माझी हरकत नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य आत कुठेतरी असतं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकासोबत वेगळी बसते आणि त्या वाक्याचा अर्थ मराठीत किंवा हिंदीत सांगते. कोचला काय जाईल, मॅनेजरला काय, विमा कंपनीला काय, आणि कोणालाच काय नाही. हरियाणाच्या एका सीनियर खेळाडूने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडमजी, दस साल में पहली बार किसी ने पूछा है.” त्याच दिवशी त्याने खांद्याचं जुनं दुखणं सांगितलं. त्याच्या आधीच्या कुठल्याच नोंदीत ते नव्हतं.

काही गोष्टी मात्र गुप्त ठेवता येत नाहीत, आणि हेही त्याच बैठकीत सांगायचं. डोक्याला मार लागून कन्कशनची, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याची, शंका असेल तर खेळाडू बाहेर. तिथे त्याची विनंती चालत नाही आणि कोचचीही नाही. चढाईत गुडघा कपाळावर बसतो, पोरगा उठून हसतो, ‘ठीक हूँ’ म्हणतो, आणि पुढच्या चढाईला कुठल्या बाजूने जायचं ते विसरतो. मॅटवर पसरणारा त्वचेचा संसर्ग असेल तर इतरांना जपावं लागतं, पण त्यासाठी नाव घ्यावं लागतंच असं नाही. आणि कोणी जीव द्यायची भाषा बोलला तर मी डॉक्टरांना आणि घरच्यांना कळवणार, हे मी आधीच सांगून ठेवते.

कोच चिडतील याची तयारी ठेवा. ८ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमधल्या चेल्सी आणि स्वान्सी या फुटबॉल क्लबांच्या सामन्यात शेवटच्या क्षणी चेल्सीचा एडन हॅझार्ड खाली पडला. पंचांनी बोलावल्यावर चेल्सीच्या डॉ. एवा कार्नेरो आणि फिजिओ जॉन फर्न मैदानात धावले. नियमाप्रमाणे हॅझार्डला बाहेर जावं लागलं. गोलरक्षक लाल कार्डामुळे आधीच बाहेर होता, त्यामुळे संघ नऊ जणांवर आला, आणि व्यवस्थापक जोझे मोरिन्यो यांनी दोघांवर जाहीर टीका केली. कार्नेरो यांनी क्लब सोडला, दाद मागितली, आणि जून २०१६ मध्ये क्लबने त्यांची विनाअट माफी मागितली. त्या वेळी त्यांच्या बाजूने उघड बोलणारे खेळाडू फारसे नव्हते, हे मला आजही लागतं. म्हणून नेमणुकीच्या वेळीच लेखी विचारा: वैद्यकीय निर्णयात शेवटचा शब्द कोणाचा? उत्तर ‘कोचचा’ असेल, तर मी ती नोकरी घेऊ नका असं सांगेन.

हंगाम संपला की काम संपत नाही. प्रत्येकाला त्याचे एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि रिहॅबचा सारांश द्या, फोनमधले फोटो पुसा. लिलाव झाला की नव्या संघाच्या फिजिओचा फोन येतो, बऱ्याचदा तुमच्याच बॅचची मैत्रीण असते, आणि सहज विचारते, “अगं, तो आमच्याकडे आलाय, त्याचा गुडघा कसाय?” तिला मी सांगते, “त्याच्याशी बोल, माझ्याशी बोलायला हरकत नाही असा त्याचा मेसेज मला येऊ दे, मग सगळं सांगते.” मेसेज साधारण त्याच संध्याकाळी येतो, आणि मग आम्ही तासभर बोलतो.