लिनक्स प्रशासन आणि शेल स्क्रिप्टिंगच्या प्रात्यक्षिकांपूर्वीची तयारी

लॅपटॉप, चार्जर आणि इंटरनेट यांविषयी वेगळे लिहायला नको. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची सोय, चालू आहे की नाही, हे मात्र आदल्या दिवशीच पाहावे. ते बंद असले तर ६४ बिटचे व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. दोन मशीन एकदम चालवायची असतील, तर ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर भागेल असे समजू नये. आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्यासाठीची डिस्कची प्रत) उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का हे दाखवणारा आकडा, जुळवावा. वितरण (लिनक्सचा तयार संच) निवडताना जुन्या टिपणांवर विसंबू नये: सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि तिच्या मूळ रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर पॅकेजांची ऑनलाइन भांडारे) आता मिळत नसल्यामुळे पहिले पॅकेज बसवतानाच काम अडते. डेबियन, उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अद्यतने मिळणारी) आवृत्ती किंवा रॉकी लिनक्स घ्यावे.

आता स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन करणारा ठसा. मागच्या वेळी नेमका हाच राहिला होता. प्रणाली बसवून, अद्ययावत करून, नेटवर्क चालते याची खात्री झाली की मशीन बंद करावे, स्नॅपशॉट घ्यावा आणि त्याला ओळखता येईल असे नाव द्यावे. नंतर एखादी फाइल मुद्दाम पुसून तो पूर्ववत करून पाहावा. दोन मशीन असतील तर दोन्हींचा घ्यावा. ‘नंतर घेऊ’ हे चालणार नाही. डिस्कच्या प्रात्यक्षिकात एफएसटॅब फाइलमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत) यूयूआयडीचे, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाचे, एक अक्षर चुकले, तरी पुढच्या बूटला मशीन साधारण दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. तोवर वर्ग एलव्हीएमपर्यंत (डिस्कच्या जागेच्या लवचीक विभागणीपर्यंत) पोहोचलेला असतो. रीबूट करण्याआधी ‘माउंट -ए’ चालवावे, म्हणजे त्या यादीतली चूक तेव्हाच दिसते, आणि त्याच्याही आधी स्नॅपशॉट घ्यावा.

सुडोअर्स फाइल (प्रशासकाचे अधिकार कोणाला ते ठरवणारी) व्हिसुडो या आज्ञेनेच उघडावी, कारण ते जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते. एसएसएच (दुरून मशीनवर शिरण्याची सोय) किंवा फायरवॉल बदलताना दुसरे सेशन उघडे ठेवावे, म्हणजे दार बाहेरून बंद होत नाही. इथेही आधी स्नॅपशॉट.

स्क्रिप्टिंगसाठी एकच सवय आधीपासून लावून घ्यावी: चल (व्हेरिएबल) अवतरणचिन्हांत लिहिणे आणि वर ‘सेट -यू’ ठेवणे, म्हणजे न ठरवलेला चल आला की स्क्रिप्ट थांबते. फोल्डरचे नाव ज्या चलात यायचे तो ठरवायचाच राहिला आणि त्यापुढे तिरकी रेघ व तारा (/*) असला, तर ‘आरएम -आरएफ’ ही पुसण्याची आज्ञा थेट मुळापासून पुसायला निघते. ‘बॅश -एन’ हे पकडत नाही, ते फक्त व्याकरण पाहते. विंडोजमध्ये लिहिलेल्या फाइलींच्या ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीचे करून घ्यावेत. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीत) पूर्ण पाथ द्यावा.

स्नॅपशॉट पूर्ववत केला की त्यानंतर लिहिलेल्या स्क्रिप्टही जातात, म्हणून त्या रोज गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) घालून मशीनच्या बाहेर पाठवाव्यात.