साठच्या दशकातील विक्षिप्त लोकसंगीताचा माग कसा काढावा

इंदूरला जुन्या तबकड्यांची हौस नवी नाही. पिगडंबरचे लता मंगेशकरांच्या नावाचे ग्रामोफोन संग्रहालय पाहिलेल्यांना हे सांगायला नको. मात्र साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जे बंडखोर आणि बरेचसे वात्रट लोकसंगीत ध्वनिमुद्रित झाले, ते राजवाड्याच्या आसपासची दुकाने धुंडाळून हाती लागण्याची आशा धरू नये. इंटरनेटवर नुसते संगीतप्रकाराचे नाव टाकले, तर तीच ती पाच-दहा नावे पुढे येतात. म्हणून शोध माणसांवरून घ्यावा. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या खासगी मैफलींची मुद्रणे जमवणारे इंदूरकर साथीला कोण होते, हे आधी विचारतात. तीच सवय इथे कामी येते.

सुरुवात हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये फोकवेज कंपनीसाठी केलेल्या अमेरिकी लोकसंगीताच्या संकलनापासून करावी. त्यात १९२० आणि १९३० च्या दशकांतील जुन्या तबकड्यांवरची ८४ मुद्रणे आहेत. गाणी लावण्याआधी सोबतची पुस्तिका वाचावी. प्रत्येक कथागीताचा सारांश स्मिथ यांनी वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा लिहिला आहे. बेडूक आणि उंदराच्या लग्नाच्या गाण्याखाली तर नातेवाइकांची संमती असल्याचीही गंभीरपणे नोंद केली आहे. पुढच्या पिढीच्या तिरकसपणाचे मूळ मला या पुस्तिकेत दिसते.

तिथून ‘होली मोडल राउंडर्स’ या जोडीच्या १९६४ च्या तबकडीकडे जावे. पीटर स्टॅम्पफेल यांचे फिडल (व्हायोलिन) व बँजो आणि स्टीव्ह वेबर यांची गिटार, एवढ्याच सामग्रीवर या दोघांनी जुन्या गाण्यांचे शब्द बिनदिक्कत बदलून टाकले. पहिल्यांदा ऐकताना स्टॅम्पफेल यांचा चिरका आवाज खटकतो, तरी तबकडी अर्ध्यावर थांबवू नये. हेच दोघे १९६५ मध्ये ‘द फग्ज’ या कवींच्या टोळक्याच्या पहिल्या तबकडीवर वाजवताना सापडतात, आणि त्या मुद्रणामागे पुन्हा हॅरी स्मिथच आहेत. हीच तबकडी पुढे ‘ईएसपी-डिस्क’ने नव्याने काढली. बर्नार्ड स्टोलमन या वकिलाच्या या कंपनीचे ब्रीद असे होते, की काय ऐकवायचे ते कलावंतच ठरवतील. तिच्याच यादीत ‘पर्ल्स बिफोर स्वाइन’ या गटाची १९६७ ची तबकडी भेटते. कव्हरवर जुने डच चित्रकार बॉश यांनी रंगवलेला नरक आणि आत टॉम रॅप यांचा किंचित बोबडा, हळवा आवाज.

ब्रिटनमधला धागा निर्माते जो बॉइड यांच्या नावाने धरावा. ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’पासून तो १९७० मध्ये आलेल्या गायिका वॅश्टी बन्यन यांच्या तबकडीपर्यंत पोचतो. ती तेव्हा जवळजवळ कोणी घेतली नाही आणि २००० मध्ये पुन्हा निघाल्यावरच तिला श्रोते मिळाले.

फोकवेजचा संग्रह १९८७ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे असून पुस्तिका तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. तिथून वादक, निर्माता, वर्ष आणि कंपनी यांची नोंद वहीत करत जावी. मूळ प्रत विकत घ्यायचीच असेल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेबलचा आणि शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो मागवावा, कारण कव्हर सारखे असले तरी छपाई पुढच्या काळातली असू शकते. आलेली तबकडी उभीच ठेवावी. मे महिन्यात गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत आडवी रचून ठेवलेली तबकडी हमखास वाकते.