युरोपात तीन-चार शहरं करताय? फ्लाइट बुक करताना या चुका टाळा

मुंबई-पॅरिस रिटर्न तिकीट स्वस्त दिसलं आणि आम्ही चौघांचं लगेच बुक करून टाकलं, प्लॅन होता पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम. आता परतीचं विमान पॅरिसहून, म्हणजे रोमला पोचून परत उलटं वर यायचं, त्यासाठी एक लो-कॉस्ट फ्लाइट वेगळी काढली आणि ती उतरणार होती बोव्हेला. तिकिटावर पॅरिस-बोव्हे लिहिलेलं असतं पण ते गाव पॅरिसपासून साधारण ८५ किलोमीटर लांब आहे, तिथून बसने पॅरिस आणि पॅरिसहून पुन्हा सामान ओढत चार्ल्स द गॉल एअरपोर्ट. त्यात रोमच्या काउंटरवर बॅग भरली २३ किलो, आमच्या तिकिटात होती २० किलोच. मुंबईहून येताना तीच बॅग चालली होती ना! आई खाली बसून बॅग उघडून चिवड्याची उरलेली पाकिटं, शाल, माझे बूट काढून हातातल्या पिशवीत कोंबत होती आणि मागे लाइन लागलेली. ते बघून फार वाईट वाटलं मला, कारण हे सगळं घरी बसून टाळता आलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट, रिटर्न शोधूच नका. बुकिंगच्या पानावर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो तो घ्या, जाताना मुंबई-पॅरिस, येताना रोम-मुंबई. याला ओपन-जॉ म्हणतात. बऱ्याच मोठ्या एअरलाइन्सकडे याचं भाडं रिटर्नच्या आसपासच येतं, थोडं जास्त आलं तरी मधली फ्लाइट, बस आणि वाया जाणारा दिवस धरून हिशोब करा. पण दोन सुटी वन-वे तिकिटं काढून हेच करू नका, ते बहुतेक वेळा महाग पडतं.

आणि मधल्या प्रवासाला विमान लागतंच असं नाही. पॅरिस-ॲमस्टरडॅम ट्रेनने साधारण साडेतीन तास, पॅरिस-झुरिक चार तास, रोम-फ्लॉरेन्स दीड तास. स्टेशन गावात असतं. विमान म्हणजे एअरपोर्टला जायचं, दोन तास आधी पोचायचं, उतरून परत गावात यायचं, अर्धा दिवस गेलाच. लो-कॉस्टने जायचंच असेल तर शहराचं नाव नाही, एअरपोर्टचं नाव वाचा. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मिलान म्हणून दाखवतात ते बऱ्याचदा बेर्गामो असतं.

आता व्हिसा, इथे खूप लोक फसतात. शेंगेन व्हिसासाठी (म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातले बरेचसे देश) अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या रात्री सर्वात जास्त आहेत, रात्री सारख्या असतील तरच जिथे आधी उतरता तो देश. पॅरिसचं तिकीट स्वस्त म्हणून फ्रान्सकडे अर्ज आणि हॉटेलं बघितली तर पाच रात्री स्वित्झर्लंडच्या, असं नको. आधी शहरं आणि रात्री कागदावर लिहा, मग तिकीट. व्हिसा हातात येण्याआधी नॉन-रिफंडेबल तिकीट घेऊ नका, कॅन्सल होईल असं किंवा होल्ड केलेलं बुकिंग लावा. अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी, पण तिथपर्यंत थांबू नका, सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाहीत.

लंडन मध्ये घालायची हौस सगळ्यांना असते. पॅरिस-लंडन-रोम केलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येता, म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, आणि यूकेचा व्हिसा वेगळा. हीथ्रोला उतरून स्टॅनस्टेडहून पुढची स्वस्त फ्लाइट पकडायची असेल तरी तुम्ही इमिग्रेशन करून यूकेत शिरता, तिथे साधा शेंगेन व्हिसा चालत नाही.

सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते दोन तिकिटांच्या मधल्या जागेबद्दल. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, मुंबई-फ्रँकफर्ट-रोम असेल आणि पहिली लेट झाली, तर पुढच्या विमानात बसवणं ही एअरलाइनची जबाबदारी. मुंबई-फ्रँकफर्ट एक तिकीट आणि फ्रँकफर्ट-रोम दुसरं तिकीट असं असेल तर दुसऱ्या एअरलाइनच्या हिशोबात तुम्ही वेळेवर आलाच नाहीत, पैसे गेले, आणि बहुतेक वेळा बॅगही स्वतः घेऊन परत चेक-इन करायची. आणि हे लक्षात ठेवा की तुमचं इमिग्रेशन रोमला नाही, फ्रँकफर्टलाच होतं, शेंगेनमध्ये जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे. ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस, म्हणजे शेंगेनमध्ये येण्याजाण्याची डिजिटल नोंद, सुरू झालीय, पहिल्यांदा जाताना फोटो घेतात आणि बोटांचे ठसे तपासतात, तर रांगेला वेळ लागू शकतो. तासाभराचं कनेक्शन सिस्टीम दाखवते म्हणून घेऊ नका, अडीच-तीन तास तरी ठेवा, सोबत म्हातारी माणसं असतील तर तीनच. तिकिटं वेगवेगळीच काढावी लागली तर मध्ये एक रात्र ठेवा.

अजून एक, पहिला टप्पा सोडून दुसऱ्यापासून बसू असं मनात आणू नका. एका तिकिटातली एक फ्लाइट न कळवता सोडली की पुढचं सगळं कॅन्सल होतं, परतीचंसुद्धा.

तारीख! मुंबईहून युरोपची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १२ तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे ११ तारखेला रात्री जेवून निघायचं. लोक १२ ला दिवसभर बॅगा भरत बसतात आणि विमान पहाटेच गेलेलं असतं. बुक केल्या केल्या कॅलेंडरवर 'घरून निघायचं' ही वेळ लिहून ठेवा, विमानाची नाही.

नावाचं आपल्याकडे विशेष असतं, कारण पासपोर्टवर बऱ्याच जणांचं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्येच असतं. आधारवर काय आहे, बँकेत काय आहे ते सोडा, पासपोर्ट समोर उघडा ठेवून जसंच्या तसं टाइप करा. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्याच नावाचा असेल तर तिकीटही त्याच नावाचं.

बुकिंग आधीच झालंय आणि चूक आत्ता दिसली? स्पेलिंगचं असेल तर त्याच दिवशी एअरलाइनला फोन करा, लवकर सांगितलं की बहुतेक वेळा सहज दुरुस्त होतं. बॅगचं वजन आजच ऑनलाइन वाढवून घ्या, काउंटरवर तेच बरंच महाग पडतं. फ्लाइट लेट किंवा कॅन्सल झाली तर युरोपियन युनियनचा नियम वापरा, तिथून सुटणारं कुठलंही विमान, आणि तिथे जाणारं विमान तिथल्याच एअरलाइनचं असेल तर ते. तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात आणि चूक एअरलाइनची असेल तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात, बोर्डिंग पास फेकू नका. म्हणजे रोमहून दोहामार्गे परत येताना हा हक्क आहे, मुंबईहून दोहामार्गे जाताना कतारची एअरलाइन असेल तर नाही.

आणि दर पंधरा दिवसांनी पीएनआर टाकून वेळा बघत जा. आमच्या परतीच्या विमानाची वेळ दोन तास अलीकडे आली होती आणि त्याचा मेल प्रमोशन्समध्ये जाऊन पडला होता, निघायच्या आठ दिवस आधी सहज बघितलं म्हणून कळलं, आणि लगेच बोव्हेची सकाळची फ्लाइट सोडून आदल्या संध्याकाळची घेतली.