ब्लॅक आर्टिस्ट्सनी काढलेली पोर्ट्रेट्स बघताना, कॉपी करताना या चुका टाळा

आधीच सांगते, यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झाल्यात. पहिली थेट रंगाच्या ट्यूबपासून सुरू होते. आपल्याकडे ड्रॉइंगच्या वर्गात स्किन कलर म्हणजे तो फिकट गुलाबी, माणूस सावळा असेल तर त्यातच बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, ढकलायचा, आणखी गडद हवा असेल तर सरळ काळी ट्यूब पिळायची. केरी जेम्स मार्शल या अमेरिकन चित्रकाराचं एक चित्र मी असंच कॉपी करायला बसले आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डांबराचा गोळा तयार झाला, नाक कुठलं न् गाल कुठला काही कळेना. नंतर समजलं की हा बाबा एका काळ्यावर भागवतच नाही, आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन काळे घेतो आणि त्यात कोबाल्ट ब्लू, क्रोम ऑक्साइड ग्रीन, व्हायोलेट मिसळून एक काळा गार, एक उबदार असं करत जातो. तुमचाही चेहरा असा सपाट झाला असेल तर पांढरा अजिबात घालू नका, राख फासल्यासारखं दिसतं. निळा किंवा हिरवा घालून बघा. आणि फोनवर बघून काढत असाल तर आधी ब्राइटनेस फुल करा, अर्धं चित्र तिथेच हरवलेलं असतं.

एमी शेराल्डचं बरोब्बर उलटं. 2018 मध्ये तिने केलेलं मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट आलं तेव्हा बरेच जण म्हणाले, अहो ही त्यांच्यासारखी दिसतच नाहीये, आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणाले होते. त्वचा पूर्ण करडी, मागे फिकट निळं, आणि निम्मं कॅनव्हास त्या मोठ्या ड्रेसने खाल्लेलं. पण ती सगळ्यांनाच करडी रंगवते, मुद्दाम, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी कातडीच्या रंगावर अडकू नये. फोटोशी ताडून बघत बसलात तर हातावर टेकवलेली हनुवटी बघायची राहून जाते, आणि सगळी गंमत तर तिथे आहे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चेहऱ्यात दुःख शोधणं. ब्लॅक माणसाचं पोर्ट्रेट म्हटलं की आपण आधीच 'बिचारा' म्हणून मोकळे. अमोआको बोआफोची माणसं बघा, कपडे ब्रशने आणि चेहरे चक्क बोटांनी रंगवलेले, निळ्या-तपकिरी वळशांचे, आणि ती माणसं मस्त नटूनथटून तुमच्याकडे बघतायत.

लिनेट यिआडम-बोआक्येच्या चित्रासमोर 'हा कोण?' विचारू नका. कोणीच नाही, तिची माणसं काल्पनिक असतात. बहुतेकांच्या पायात चपलाही नसतात कारण चपला-बूट दिसले की काळ ओळखता येतो.

आता माझी फसगत. जॉर्डन कॅस्टीलची 'व्हिजिबल मॅन' ही 2013-14 ची मालिका बघून मी भारावले होते. ब्लॅक पुरुष, आपापल्या घरात, अंगावर कपडे नाहीत, कोणी हिरवा, कोणी जांभळा, आणि सगळे सरळ तुमच्या डोळ्यात बघतायत. म्हटलं आपणही असं काहीतरी हळवं करू, म्हणून काकांना बनियनवर खिडकीपाशी बसवलं. मी पॅलेट लावेपर्यंत ते गुपचूप उठले, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून परत येऊन बसले आणि म्हणाले, "हं, काढ आता." मी बनियनचा हट्ट धरला, दोन तास घालवले, चित्र मेलेलं निघालं. पुढच्या रविवारी शर्टातच काढले, वरचं बटण लावताना त्यांचा हात जरा थरथरतो, तो तसाच ठेवला.