अंगणात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर, आपल्या विदर्भाच्या उन्हात कसं जमवायचं

अ‍ॅक्वापोनिक्सचे जे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात ना भाऊ, ते बहुतेक मोठ्या शहरातल्या बाल्कनीतले असतात. तिथे ऊन कमी, लाईट क्वचित जाते. तेच बघून आपल्याकडचा पोरगा १०० लिटरच्या टबात वीस मासे सोडतो आणि एप्रिलमध्ये सगळे उताणे. पद्धत चांगलीच आहे, गावातल्या अंगणातही मस्त चालते, फक्त आपल्याकडे तीन गोष्टी आधीच ठरवून टाकायच्या: टाकी सांगतात त्यापेक्षा मोठी, मासे सांगतात त्यापेक्षा कमी, आणि मे महिन्यात बहुतेक मासे टाकीत नाही, पोटात.

आधी हे चालतं कसं ते बघा. मासे कल्ल्यातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, तो पाण्यात साठला की त्यांचाच जीव जातो. पंपानं तेच पाणी गिट्टीच्या वाफ्यात चढवलं की गिट्टीवर वाढणारे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्राइटचं नायट्रेट करतात, नायट्रेट झाड खातं, पाणी निवळून परत टाकीत पडतं. मासे दिसतात, भाजी दिसते, बॅक्टेरिया दिसत नाहीत, म्हणून सगळे घोळ तिथेच होतात.

सामानात ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी घ्या आणि २०० लिटरचे दोन निळे ड्रम उभे मधोमध कापा, म्हणजे चार वाफे झाले, साधारण २ चौरस मीटर जागा भाजीला मिळते. पण ड्रम कुठला आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका! कपाशी-सोयाबीनच्या गावात फवारणीच्या औषधाचे ड्रम आणि डबकी गल्लोगल्ली पडलेली असतात, कितीही धुतली तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध निघत नाही, आणि पायरेथ्रॉइड गटाची औषधं तर इतक्या थोड्या प्रमाणात मासे मारतात की वासही येत नाही. खाद्यतेलाचा किंवा साखरेच्या पाकाचा ड्रम शोधा. फवारणीच्या दिवसात वाऱ्याची दिशा बघा, शेजारच्या वावरातून उडालेलं औषधही टाकीत पडतं, तेव्हा ताडपत्री ओढून घ्यायची.

वाफ्यात गिट्टी भरायची एक फूट खोल, १२ ते २० एमएमची, धुवून धुवून पाणी गढूळ येणं बंद होईपर्यंत. चारही वाफ्यांना मिळून १२-१३ घनफूट लागते. आपल्या बहुतेक भागात क्रशरची काळी गिट्टी मिळते, ती उत्तम. वणी-कोरपना-गडचांदूर पट्ट्यात मात्र चुनखडीचा दगड आहे (सिमेंटचे कारखाने तिथे आहेत ते त्यामुळेच), तो पाण्याचा पीएच (आम्लपणा-अल्कलीपणाचं माप) वर चढवतो. ओळखायचं कसं, तर दोन-चार खडे कोरडे करून वर लिंबू पिळा, बारीक फेस आला, चुरचुर आवाज झाला की ती गिट्टी परत पाठवा. आणि एका अर्ध्या ड्रमात नुसती गिट्टीच १३०-१४० किलो भरते, त्यामुळे स्टँड विटांचा किंवा लोखंडी अँगलचा करा, बल्ल्यांवर नको.

आता सायफन, म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी पाइपची रचना, सगळे इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर. वाफ्याच्या बुडाला भोक पाडून १ इंची पीव्हीसी पाइप उभा बसवा, उंची २५ सेंटीमीटर, म्हणजे पाणी गिट्टीच्या वरच्या थरापर्यंत कधी येत नाही, वरचा थर कोरडा राहतो आणि शेवाळ-डास दोन्हीचा ताप वाचतो. त्या पाइपवर ३ इंची पाइपचा तुकडा टोपण लावून पालथा घाला, त्याच्या खालच्या कडेला करवतीनं खाचा पाडा. बाहेरून अजून एक मोठा, भोकं पाडलेला पाइप, गिट्टी आत येऊ नये म्हणून. पाणी चढत चढत आतल्या पाइपच्या तोंडावरून पडायला लागलं की एकदम घळघळ ओढ लागते, वाफा पाच-सात मिनिटांत रिकामा होतो, खाचांमधून हवा शिरते, गुर्रर्र आवाज येतो आणि ओढ तुटते. ओढ लागतच नसेल, नुसतं ठिबकत असेल, तर पाणी कमी येतंय. ओढ तुटतच नसेल तर जास्त येतंय. दोन्हीचा इलाज एकच, वाफ्यावरच्या नळीला कॉक लावा आणि तासभर बसून जुळवा.

पंपाला कूलरचा पंप चालतो, आपल्याकडे घरोघरी पडलेलाच असतो, फक्त तो चोवीस तास दमत नाही असं समजू नका, एक स्पेअर ठेवाच. कूलरचा करंट लागून माणूस गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, तोच पंप तोच धोका, म्हणून लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि हात घालायच्या आधी प्लग काढा. लाईट गेली की खरी परीक्षा. पाणी जितकं तापेल तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो, त्यामुळे उकाड्यात दोन तासाचं लोडशेडिंगही भारी पडतं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ठेवा, तो पंपाइतकाच गरजेचा.

पाणी नळाचं असेल तर गावाच्या टाकीत ब्लीचिंग टाकतात, एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. बोअरचं जड पाणी चालतं. पण अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर बोअर विसरा, पावसाळ्यात पत्र्याखाली पन्हाळ लावून टाकी भरा.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम, थांबणं. मृगात सांगाडा उभा करा, पाणी फिरवायला लागा आणि रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकून कुजू द्या. कोणाकडे जुनं एक्वेरियम असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज यात पिळा, बॅक्टेरियाचं विरजण मिळतं. टेस्ट किटवर अमोनिया आधी चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेल. याला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे जुलैच्या अखेरीला बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडायची. घाई व्हावी म्हणून शेण टाकू का असं हमखास विचारतात, तर नाही बाप्पा, शेण ऑक्सिजन खातं आणि त्याचे जंतू पालकाच्या पानावर येतात.

मासा कुठला? तिलापिया सगळ्यात सोशिक, फक्त त्याचे सरकारी नियम आहेत, मत्स्यव्यवसाय खात्यात विचारूनच बीज आणा आणि नाल्या-तळ्यात कधीच सोडू नका. रूपचंद वाढतो झपाट्यानं पण थंडीला नाजूक, डिसेंबरात टाकी झाका. रोहू-कटला तळ्याचे मासे, टाकीत खुरटतात. मरळ खायला भंडाऱ्याकडच्या माणसाला विचारा कसा लागतो ते, वर येऊन हवा घेतो म्हणून लाईट गेली तरी तगतो, पण लहानग्या भावंडांनाच गिळतो आणि टाकीतून उडीही मारतो. पहिल्या वर्षी नकोच. थाई मांगूर कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे. ५०० लिटरला १५ मासे, बस.

खाद्य तरंगणारं घ्या, पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकंच, उरलेलं जाळीनं काढायचं. मोठ्या माशाला वजनाच्या दीड-दोन टक्के रोज पुरतं. थंडीत मासे खात नाहीत तेव्हा जबरदस्ती करू नका.

भाजीत पहिल्यांदा पालक, अंबाडी, चवळाई, कोथिंबीर, पुदिना. दिवाळीनंतर बॅक्टेरिया चांगले बसले की एखाद्या वाफ्यात टोमॅटो आणि भरताचं वांगं. गाजर-मुळा गिट्टीत वाकडेतिकडे येतात, ते वावरातच बरे. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, आपल्या जड पाण्यात हे होणारच. संत्र्याच्या बागवाल्याला विचारा, तो लगेच सांगेल: ईडीडीएचए लिहिलेलं ६ टक्क्यांचं लोह, ५०० लिटरला १७ ग्रॅम. पाणी लालसर होईल, घाबरू नका. माव्याला औषध नाही, निंबोळी तेलसुद्धा नाही, पाण्याचा फवारा मारून पाडा आणि मासे खातील.

नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमधला भाचा विचारेल मी करू का, तर त्याला आधी वजन सांगा. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, आणि घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन केलेला असतो. त्यानं भिंतीलगत ६०-७० लिटरचं एक्वेरियम ठेवावं, गप्पी-मोली पाळावेत, वर एका ट्रेमध्ये गिट्टीऐवजी हलके क्ले बॉल्स (भाजक्या मातीच्या गोळ्या) आणि पुदिना-कोथिंबीर. चार तास ऊन येणारी खिडकी मात्र पाहिजे.

होळीपर्यंत मासे ताटात येण्याजोगे होतात. काढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करा, चव सुधारते. सगळे एकदम काढू नका, चार-पाच ठेवा, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी मरतील आणि मृगात परत सहा आठवडे मोजत बसाल. त्या चार-पाचांसाठी टाकीवर ग्रीन नेट, बाजूला ओलं बारदान, दुपारी उडालेल्या पाण्याची रोज संध्याकाळी भरती, आणि खाद्य सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.