जुन्या लेन्सवरचा चिकटपणा कसा काढावा

हेलिओस ४४-२ किंवा सुपर टाकुमारसारखी कॅमेऱ्याची जुनी, सेकंडहँड लेन्स हातात आली की पुसायला घेऊ नका, आधी टॉर्च मारून बघा. चिकट आहे ते स्टिकरचा गोंद, बोटांचं तेल की आतून पाझरलेलं ग्रीस? प्रत्येकाचा इलाज वेगळा. सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ ची काच बऱ्याचदा पिवळट दिसते, पण तो थोरियमयुक्त काचेचा गुण आहे. घासून जाणार नाही.

सुरुवात बॅरलपासून, म्हणजे लेन्सच्या बाहेरच्या नळीपासून, पुढची-मागची झाकणं लावूनच. कापसाच्या बोळ्यावर निलगिरी तेलाचे २ थेंब घेऊन गोंदावर ५ मिनिटं दाबून ठेवा. फुगलेला गोंद जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं ढकला. उरलेलं तेल ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले ‘आयपीए’ म्हणतात ते हेच. कोरलेल्या आकड्यांवर जोर नको, त्यातला रंग निघतो. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरसुद्धा, लांबच ठेवा. रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातं. रबरी ग्रिप असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

आता काच. लेन्स खाली तोंड करून धरा आणि रबरी ब्लोअरनं १०-१२ वेळा हवा मारा. इथे घाई केली तर वाळूचा एक कण काचेवरच्या पातळ लेपावर, म्हणजे कोटिंगवर, कायमची रेघ ओढतो. मग लेन्स टिश्यूच्या घडीवर आयपीएचे १-२ थेंब टाका. काचेवर थेट थेंब कधीच नाही: कड्याच्या फटीतून द्रव आत ओढला जातो आणि आतल्या काचेवर डाग उमटतो. वाळलेल्या गोंदावर ओली घडी २०-३० सेकंद नुसती ठेवा, मग मध्यापासून कडेकडे हलक्या हातानं फिरवा. दर वेळी नवी घडी. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो.

झालं का हे बघायला काचेवर तोंडाची वाफ सोडा. धुकं एकसारखं विरलं नाही, तर तिथे अजून तेल आहे.

ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर तेल दिसलं तर? हेलिओस ४४-२ मध्ये ॲपर्चर हातानंच फिरवायचं असतं, त्यामुळे ८ पात्यांवर थोडं तेल चालून जातं. ऑटो ॲपर्चरच्या लेन्समध्ये, जिथे फोटो काढताना पाती आपोआप झटकन मिटतात, मात्र पाती अडकतात. तिथे लेन्स उघडावीच लागते. बाहेरून क्लीनर फवारला तर पात्यांवरचं तेल विरघळून आतल्या काचांवर पसरतं.