अमेरिकेत नवीन आलात? कमोडची सीट घेताना हे बघा

नवीन आलेली मंडळी गादी कुठून घ्यायची, क्रेडिट कार्ड कुठलं काढायचं, पोह्यांचं पाकीट कुठल्या दुकानात स्वस्त, सगळं विचारतात. कमोडच्या सीटबद्दल मात्र कोणी तोंड उघडत नाही, आणि मग महिन्याभराने हळूच मेसेज येतो, की अहो आमची सीट बसलं की डावीकडे सरकते, काय करायचं. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्येही राहिलोय आणि आता स्वतःच्या घरातही, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

भाड्याचं घर असेल तर खिशात हात घालायच्या आधी मेंटेनन्सला सांगा. सीट तडकलेली, पिवळी पडलेली किंवा हलणारी असेल तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात. देतात ती अगदी स्वस्तातली, पातळ प्लास्टिकची, पण नवी कोरी असते, तात्पुरतं भागतं.

स्वतः घेणार असाल तर आधी टेप काढा. आपल्याकडे सीट तुटली की त्याच कंपनीचं त्याच मॉडेलचं कव्हर शोधत हिंडावं लागतं, इथे तसं नाही, बहुतेक कमोड दोनच मापांत येतात, राउंड आणि इलाँगेटेड. मागच्या दोन बोल्टच्या मधोमध टेप धरायची आणि भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. १६.५ इंचाच्या आसपास आलं तर राउंड, १८.५ च्या आसपास आलं तर इलाँगेटेड. दोन बोल्टमधलं अंतर जवळजवळ सगळीकडे ५.५ इंच. एवढं जुळलं की कोहलर कंपनीच्या कमोडवर बेमिस कंपनीची सीट आरामात बसते. नुसतं डोळ्यांनी बघून ‘गोलच वाटतोय’ म्हणून आणू नका, वापरलेली सीट परत करायला जाणं हा काही सुखाचा प्रसंग नाही.

आता टिकाऊपणा. दुकानात लोक सीट हातात घेऊन वजन बघतात, चमक बघतात. माझं म्हणणं, पाकीट उलटं करा आणि बिजागरी बघा. सीट मधोमध तुटल्याचं क्वचितच ऐकायला येतं, जाते ती बिजागरी, नाहीतर बोल्ट सैल होतात. बोल्ट वरवर चकचकीत पण आतून साध्या लोखंडाचे असले तर बाथरूमच्या ओलीत गंजतात आणि पुढे काढायची वेळ आली की हॅकसॉ ब्लेडने कापावे लागतात. स्टेनलेस स्टील किंवा पितळ असेल तर उत्तम, नाहीतर चांगलं जाड प्लास्टिकही चालतं, ते निदान गंजत तरी नाही. काही सीटच्या नटचा खालचा भाग पुरेसा आवळला गेला की आपोआप तुटून निघतो, म्हणजे जास्त आवळायचा प्रश्नच नाही, तसा मिळाला तर जरूर घ्या. साधा नट असेल तर हाताने घट्ट करून वर पान्याने किंचित फिरवायचा, बस. इथे जोर दाखवला तर सीटला काही होत नाही, खालचं चिनीमातीचं भांडं तडकतं आणि मग तो खर्च वेगळा.

सीट उलटी करून खालच्या रबरी गुट्ट्याही बघा. त्या पडलेल्या असतील किंवा भांड्याच्या कडेवर नीट टेकत नसतील तर सीट अधांतरी राहते, दरवेळी बसताना वाकते, आणि तडा जातो तो तिथूनच.

मटेरियलचं थोडक्यात सांगतो. जाड प्लास्टिकची सीट धुवायला सोपी, डाग धरत नाही, माझं मत तिलाच. लाकडाच्या भुशाची दाबून बनवलेली, वरून रंग दिलेली सीट बसायला भक्कम लागते आणि थंडीत प्लास्टिकइतकी गार लागत नाही, पण रंगाचा टवका उडाला की आत पाणी शिरून फुगते, आणि आपण पाणी वापरणारी माणसं. गादीवाली मऊ सीट बघूही नका, शिवण उसवली की आत काय काय साठतं ते न बोललेलं बरं. स्लो क्लोज, म्हणजे हळूहळू खाली येणारी, घेतली तर उत्तम, रात्री दोन वाजता खालच्या मजल्यावरच्यांना धाडकन आवाज जात नाही. फक्त पाहुण्यांना सांगून ठेवा की ती आपोआप खाली येते, हाताने दाबायची नाही, दाबून दाबून आतला डॅम्पर जातो. आणि ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर भांड्याच्या आतच ठेवा, सीटला भांड्यांच्या साबणाचं पाणी पुरतं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न, जेटचं काय? भारतातून हेल्थ फॉसेट बॅगेत घालून आणणारे पुष्कळ आहेत. ते आणलंत तरी जोडणारा टी, म्हणजे टाकीच्या पाण्याला दुसरी वाट काढून देणारा जोड, इथलाच घ्यावा लागतो, कारण टाकीखालच्या व्हॉल्व्हचे आटे इथे ७/८ इंचाचे असतात. टी पितळेचा किंवा स्टीलचा घ्या, प्लास्टिकचा नको, आणि वापर झाला की दरवेळी टी-वरचा कॉक बंद करा, नुसता हातातला खटका सोडून भागत नाही. पाइपमध्ये प्रेशर राहतं, तो एक दिवस फुटतो, आणि इथल्या बाथरूमच्या फरशीला पाणी जायला जाळी नसते, घरं लाकडी, पाणी सरळ खालच्याच्या छतातून उतरतं. त्यापेक्षा सीटखाली बसणारं बिडे अटॅचमेंट, म्हणजे धुवायला पाण्याची धार सोडणारं यंत्र, बरं, साधारण ४०-५० डॉलरमध्ये मिळतं, पाणी भांड्याच्या आतच राहतं. मात्र ते लावल्यावर सीट मागच्या बाजूला थोडी उचलली जाते, म्हणून गुट्ट्या टेकतायत का ते परत बघा. जानेवारीत पाणी बर्फासारखं येतं, ते सोसत नसेल तर विजेवर चालणारी बिडे सीट असते, गरम पाणी, गरम बैठक, पण किंमत काही शे डॉलर आणि कमोडजवळ जीएफसीआय प्लग पॉइंट (शॉक बसू नये म्हणून वीज आपोआप तोडणारा) लागतो जो भाड्याच्या घरात बहुधा नसतो. एक्स्टेन्शन वायर ओढून चालवू नका.

आई-बाबा सहा महिने येणार असतील तर आत्ताच विचार करा. गुडघे दुखत असतील तर जुना बुटका कमोड त्रास देतो, त्यावर लावायला हँडलवाली उंच सीट मिळते. ती घेतानाही राउंड की इलाँगेटेड हे बघायचंच, आणि पाकिटावर किती वजन पेलते ते लिहिलेलं असतं, वाचा. आणि कोणाला उकिडवं बसायची सवय असेल तर सीटवर पाय देऊन चढू देऊ नका, बिजागरी तर जातेच, पण घसरून पडले तर इथलं हॉस्पिटलचं बिल म्हणजे वेगळंच प्रकरण. पायाखाली ठेवायचं छोटं स्टूल मिळतं, ते आणा.

जुनी सीट फेकू नका, बोल्टसकट पिशवीत घालून कपाटात ठेवा. घर सोडताना टी काढायचा, मूळची सीट परत बसवायची आणि फोटो काढायचा. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेता येतं, तीस-चाळीस डॉलरच्या वस्तूवरून त्यात कापाकापी कशाला.